स्टिअरिंगमागचे अडीच तास

प्रश्न: ताई, मी राहतो कासारवडवलीला आणि ऑफिस महापेला. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, घोडबंदर रोडवर एखादा कंटेनर बंद पडला की मग विचारूच नका. ट्रेनवाले निदान पेपर वाचतात, पत्ते कुटतात, माझा वेळ नुसता क्लच-ब्रेकमध्ये जातो. साडेनऊचा टीम कॉल गाडीतूनच घेतो, हँड्सफ्री आहे, तेवढाच वेळ कारणी लागतो. अजून काय करता येईल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: दादा, अजून काय करायचं ते सांगते, पण आधी तो साडेनऊचा कॉल बंद करा. हँड्सफ्रीने हात मोकळे होतात हो, डोकं कुठे मोकळं होतं? शेजारी बसलेला माणूस कितीही बडबड्या असू दे, पुढच्या ट्रकने कचकन ब्रेक मारला की तो आपसूक गप्प होतो, कारण ट्रक त्यालाही दिसतो. तुमच्या मॅनेजरला ट्रक दिसत नाही, तो आपला विचारत राहतो की फाइल कधी देणार, आणि तुम्ही मनात उत्तर जुळवत बसता. ताशी ६० च्या स्पीडला दोन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर पुढे गेलेली असते. आणि फोन हातात घेऊन बोलताना सापडलात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं, पहिल्याच वेळी एक ते पाच हजार दंड, कैदेचीही तरतूद आहे. 'नऊ ते सव्वादहा मी रस्त्यावर असतो' असं टीमला एकदा सांगून टाका. मी सांगितलं होतं, दोन दिवस कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी मीटिंग साडेदहाला गेली.

आता वेळेचं बघू. रोजचे अडीच तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे झाले ५५ तास. एक कादंबरी ऐकायला आठ-दहा तास लागतात, तेव्हा महिन्याला पाच आरामात होतील, मराठी ऑडिओबुक्सही आता बरीच मिळतात. पण सगळा रस्ता सारखा नसतो ना. माजिवड्यापर्यंत मेट्रोचे खांब, मध्येच घुसणाऱ्या रिक्षा, दोन्ही बाजूंनी बाइकवाले, तिथे कादंबरी लावलीत तर ना धड कादंबरी ना धड ड्रायव्हिंग. तिथे गाणी नाहीतर बातम्या, मधलं चार वाक्यं हुकलं तरी काही बिघडत नाही. गोष्ट लावायची ती ऐरोली पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रोडला लागलात की. आणि रहस्यकथा नको हां. मी एकदा खून कोणी केला ते कळायच्या नादात ऐरोलीचं वळण सोडून थेट विक्रोळीला पोचले होते, खुनी कळला पण लेटमार्क लागला. सगळं घरच्या वायफायवर आदल्या रात्री डाउनलोड करून, लावून मगच किल्ली फिरवायची. गाडी चालवता चालवता शोधाशोध करणं म्हणजे कॉलपेक्षा वाईट, कारण डोळेही गेले.

दुसरं, नुसतं ऐकतच कशाला बसायचं, बोला की. प्रेझेंटेशन असेल तर मोठ्याने म्हणून बघा, सिग्नलला शेजारचा बघतो, बघू दे, त्याला वाटतं फोनवर बोलताय. माझं पसायदान असंच पाठ झालं, नऊच ओव्या, पण शाळेत कधी चारच्या पुढे गेले नव्हते.

आणि खरं सांगू का, वाचायचंच असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर विचारा की ऐरोली-महापेला अजून कोण जातं. आलटून पालटून गाडी काढायची, म्हणजे निम्मे दिवस तुम्ही शेजारच्या सीटवर पुस्तक घेऊन. पेट्रोल वाचतं ते वेगळंच. संध्याकाळची शेवटची दहा मिनिटं मात्र सगळं बंद ठेवा, ऑफिस डोक्यातून उतरायला तेवढी लागतात, नाहीतर ते तुमच्याबरोबर लिफ्टने वर येतं.

प्रश्न: खारघरहून लेकीला रोज वाशीला शाळेत सोडते. वय नऊ. गाडीत मोबाइल दिला नाही तर भुणभुण, दिला तर उलट्या. पुस्तक दिलं तरी तेच.
— एक आई

उत्तर: गाडी लागते तिला. डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं हलतोय, त्या भांडणात पोट ढवळतं. म्हणून स्क्रीन आणि पुस्तक दोन्ही बंद, नजर खिडकीबाहेर लांबवर. आणि बाहेर बघायला कारण द्या. नंबरप्लेटचा खेळ मुलांना फार आवडतो: एमएच-४३ नवी मुंबई, ०४ ठाणे, ४६ पनवेल हे एक-एक मार्काचे, सारखेच दिसतात, ०८ रत्नागिरीला पाच, ०९ कोल्हापूरला पाच, ३१ नागपूर दिसली तर वडापाव. माझ्या भाचीचा महाराष्ट्राचा नकाशा असाच पाठ झाला, नंतर मलाच चुका काढून दाखवायला लागली. थंडीत पामबीच रोडने जात असाल तर फ्लेमिंगो बघायचं काम तिच्याकडे द्या. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, म्हणजे काय ते तिला शाळेत विचारून यायला सांगा, परतीचा विषय झाला.

प्रश्न: नवरा चालवतो, मी शेजारी झोपते. चालेल ना?
— घणसोली

उत्तर: सकाळी खुशाल झोपा. रात्री एक्सप्रेसवेवरून येताना मात्र नको, तुमच्या जांभया बघून त्यांनाही येतात.