पाढे शाळेचे, गप्पा घरच्या

*"मुलगा सात वर्षांचा, दुसरीत, इंग्रजी माध्यमात. मॅडम म्हणतात, वाचनात मागे आहे, घरी मराठी बंद करून इंग्लिश बोला. सासूबाई मूळच्या पुण्याच्या. त्या पाढेसुद्धा मराठीतूनच घेतात. तो 'मी जाऊन राहिलोय' म्हणाला की सगळ्यांसमोर हसून दुरुस्त करतात. आता तो मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देतो. कुणाचं ऐकू?"*
*– एक आई, इंदूर*

ताई,

मराठी बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मॅडमना मुलाची काळजी आहे, यात शंका नाही. पण घरातली मराठी काढली म्हणून तिच्या जागी इंग्रजी येऊन बसत नाही. संध्याकाळी दमूनभागून भाजी फोडणीला टाकताना तुम्ही जी इंग्रजी बोलाल, ती 'फास्ट फास्ट फिनिश कर' एवढीच असणार. चंद्र लहानमोठा का दिसतो, हे मात्र तुम्ही त्याला मराठीत रंगवून सांगाल. ते एकदा समजलं की शाळेत फक्त इंग्रजी नावं शिकायची उरतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असंच म्हटलंय.

वाचन नेमकं कुठे अडतंय, ते घरीच पाहा. गणिताच्या पुस्तकातलं एखादं शाब्दिक उदाहरण त्याला मराठीत किंवा हिंदीत तोंडी घाला. पटकन सुटलं, तर गणित पक्कं आहे, इंग्रजी वाचनाचा सराव हवाय. रोज एक पान मोठ्याने, तुम्ही शेजारी बसून. मग हिंदीचं पुस्तक पुढ्यात ठेवा. तिथेही अक्षरं जुळवताना घाम फुटत असेल, तर डोळे आणि कान तपासून घ्या, आणि तरी अडलं तर स्पेशल एज्युकेटरना दाखवा. त्याचा दोष मराठीला नको. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मागे पडतं, हा नुसता समज आहे.

आता हिंदीत उत्तर देण्याचं. शाळेची व्हॅन, गल्लीतलं क्रिकेट, कार्टून, सगळीकडे हिंदीच. समजतं मराठी आणि बोलतो हिंदी, अशी मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत. पण तुमचा मुलगा तर बोलत होता! तो गप्प झाला तो हसण्यामुळे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. अहो, 'जाऊन राहिलोय' आपण इंदूरकर पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय. पुण्याच्या पाहुण्यांना गंमत वाटते, वाटू दे. सात वर्षांच्या पोराला मात्र चारचौघांत दुरुस्त करू नये.

तो 'भूख लगी है' म्हणाला, तर 'भूक लागली? पोहे करू? शेव जास्त घालते' म्हणा आणि कामाला लागा. 'आधी मराठीत माग, मग देते' असला सौदा नको. रात्री झोपताना मराठी गोष्ट वाचून दाखवा. हिंदीमुळे देवनागरी त्याला येतेच, ळ तेवढा नव्याने ओळखायचा. मराठी नाटकं आणणाऱ्या आपल्या इंदूरच्या 'सानंद' संस्थेचं मुलांना कळेल असं एखादं नाटक लागलं तर घेऊन जा. घराबाहेरही लोक मराठीत हसतात, हे त्याला दिसू दे.

पाढ्यांच्या बाबतीत मात्र मी मॅडमच्या बाजूने आहे. ज्या भाषेत पाढे पाठ होतात, त्याच भाषेत माणूस बहुधा पुढेही मनातल्या मनात हिशेब करतो. घरी 'एकोणसाठ', शाळेत 'फिफ्टी नाइन' आणि व्हॅनमध्ये 'उनसठ', एवढी कसरत दुसरीतल्या मुलाला कशाला? पाढे शाळेच्याच भाषेत होऊ द्या. आजींकडे गोष्टी, श्लोक आणि पत्त्यांचा डाव सोपवा. त्यात त्यांचा हात कोण धरणार!

हे सासूबाईंना तुम्ही सांगायला जाऊ नका. यजमानांना सांगू दे. आई त्यांची आहे.