'रोजच जायचं' मधला तो च

हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला आठवड्यातून एकतरी जण हेच घेऊन येतो, मॅडम सुरुवात दणक्यात होते हो, पण टिकत नाही, माझ्यात चिकाटीच नाही का?

मागे एक ताई आल्या होत्या (ओळख बदललीय), चाळिशीतल्या, नोकरी, मुलगा दहावीत. जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले, बूट घेतले, तीन आठवडे पहाटे साडेपाचला उठून गेल्या, मग भाचीचं लग्न आलं, चार दिवस खंड पडला आणि तिथेच सगळं थांबलं. नवरा आरंभशूर म्हणतो, ते फार लागलेलं.

"पाचव्या दिवशी का नाही गेलात?"

"मोडलंच होतं ना आता. जायचं तर रोजच, नाहीतर नाहीच."

मी वहीत तिन्ही 'च' गोल केले. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या वाटेने काम करते, त्यांनी 1955 च्या सुमारास हेच मांडायला घेतलं की प्रसंगापेक्षा आपला हट्टच आपल्याला जास्त छळतो. तो हट्ट मराठीत एका अक्षरात मावतो हे मात्र मला कुठल्या कोर्समध्ये कुणी शिकवलं नाही, समोरच्यांचं ऐकून ऐकून कळलं.

पुढची दोन सेशन्स "मी आळशीच" यावर गेली. मग एकदा चहाबरोबर बिस्किटं पुढे केली तर म्हणाल्या, आज चतुर्थी.

"किती वर्षं धरताय?"

"वीसेक."

"कधी मोडली नाही?"

"मोडली की! ऑफिसात वाढदिवसाचा केक तोंडात टाकला आणि मग आठवलं."

"मग सोडून दिलीत चतुर्थी?"

"छे, पुढच्या महिन्यात धरली की परत..." आणि एकदम थांबल्या. मीही गप्प बसले. अशा वेळी आपण तोंड उघडायचं नसतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागलीत. मिनिटभराने त्याच हसल्या, "म्हणजे गणपतीला चालतं, मलाच चालत नाही."

यापुढे माझं काम सोपं होतं. 21 दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 तर कुणाला 254 पर्यंत, आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडत नाही असंही दिसलं. म्हणजे या ताई तिसऱ्या आठवड्यात स्वतःला नापास करून बसल्या होत्या. सुरुवातीचा उत्साह ओसरणारच, त्याच्या भरवशावर राहू नका. रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला व्यायाम बांधून टाका आणि इतका छोटा ठेवा की कंटाळा आला तरी उरकेल. आणि खंड पडला तर भरपाई म्हणून दुप्पट करायला जाऊ नका, तिथे गुडघेही जातात आणि हौसही.

ताईंचं ठरलं ते असं, संध्याकाळचा चहाचा कप बेसिनमध्ये ठेवला की बूट घालायचे आणि सोसायटीला तीन फेऱ्या, बास. केलं की कॅलेंडरवर टिंब, नाही केलं तर चौकोन कोरा, खाली कारण लिहायचं नाही.

दिवाळीनंतर कॅलेंडर घेऊन आल्या. जुलै पावसाने निम्मा कोरा, गणपतीचे दिवस तर पूर्ण कोरे, आणि दोन्हींनंतर परत टिंबं. फेऱ्या आता पाच झाल्यात. जिमवाल्यांचा रिन्यू करा म्हणून फोन येतो, तो उचलत नाहीत म्हणे.