आठ गुंठ्यांच्या बागेसाठी वॉर्डात काय मागावं? आधी कट्टा मागा

तुमचा प्रश्न असा आहे: गल्लीच्या टोकाला महापालिकेचा आठ गुंठ्यांचा मोकळा प्लॉट आहे, तिथे बाग होणार आहे आणि ‘रहिवाशांनी काय काय हवं त्याची यादी द्यावी’ असा निरोप आलाय. सोसायटीच्या ग्रुपवर कारंजं, ओपन जिम, लॉन, जॉगिंग ट्रॅक, सेल्फी पॉइंट असं सगळं लिहून झालंय. यातलं काय ठेवायचं?

यातलं काहीच पहिल्या नंबरवर ठेवू नका. यादीत सगळ्यात वर लिहा: ‘रस्त्याच्या बाजूला कुंपणाऐवजी कट्टा.’

मी आर्किटेक्ट नाही. बागा आखणाऱ्या एका ऑफिसात बावीस वर्षं नकाशे काढले आणि रिटायर झाल्यापासून, म्हणजे गेली सात वर्षं, आमच्या कोपऱ्यावरच्या बागेच्या मागे लागलेली आहे. नकाशा काढताना आपण वरून बघतो. वरून बघितलं की बागेचा मध्य महत्त्वाचा वाटतो, म्हणून मध्यभागी गोल, गोलात कारंजं, चार दिशांना चार वाटा. प्रत्यक्षात जाऊन बसा. लोक मध्यभागी जातच नाहीत. सगळे कडेकडेने बसतात, पाठीमागे काहीतरी आणि समोर रहदारी बघत.

दादरचं शिवाजी पार्क घ्या. 1925 साली ते लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे ते शिवाजी पार्क झालं. मैदान प्रसिद्ध आहे क्रिकेटसाठी, पण संध्याकाळी सात वाजता तिथे क्रिकेट खेळणारे किती आणि कट्ट्यावर बसलेले किती, ते मोजून बघा. मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास ती बुटकी भिंत फिरते आणि दादरकरांच्या निम्म्या आठवणी तिच्यावर बसलेल्या असतात. कट्ट्यावर बसायला काही कारण लागत नाही. तुम्ही आत गेलेले नसता आणि बाहेरही नसता. भाजी घेऊन जाणारी बाई दोन मिनिटं पिशवी टेकवते, तेवढ्यात ओळखीचं कोणी भेटतं, अर्धा तास जातो. बागेच्या आत जायचं म्हटलं तर ती गेली नसती.

आता नेहमीचं कुंपण बघा. खाली दोन फूट भिंत, वर चार फूट भाल्यांची जाळी. भिंत नऊ इंची आणि तिच्यावर उतरतं कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा थर, का, तर लोकांनी बसू नये म्हणून. हा डिटेल मी स्वतःच्या हाताने कमीत कमी तीस वेळा काढला असेन. कोणी मुद्दाम वाईट हेतूने सांगितलेलं नव्हतं, आधीच्या ड्रॉइंगमधून उचलायचा आणि चिकटवायचा.

विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन माणसाने 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते बघितलं होतं. त्याला आढळलं की एक फूट ते तीन फूट उंचीच्या कुठल्याही सपाट कडेवर माणूस बसतो, आणि कड साधारण तीस इंच रुंद असली तर दोन्ही बाजूंनी लोक पाठीला पाठ लावून बसतात, एकमेकांना त्रास न होता. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे नि देवळांचे ओटे करणाऱ्यांना हे कॅमेऱ्याशिवाय ठाऊक होतं, ते सोडा. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की एस्टिमेटमध्ये नऊ इंचांच्या जागी तीस इंच लिहून घ्या. उंची दीड फूट. वर घासून गुळगुळीत केलेला दगड, कडा गोल केलेल्या. जाळीचे पैसे वाचतात त्यात हे बरंचसं बसतं.

‘मग रात्री दारू प्यायला येतील, भटकी कुत्री येतील’, ही हरकत येणारच. आमच्याकडेही आली. कुत्री गेटमधूनच येतात, त्यांना जाळीने काही फरक पडत नाही. पिणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांना आडोसा लागतो. न्यूयॉर्कच्याच ब्रायंट पार्कचं उदाहरण आहे. रस्त्यापेक्षा उंचावरची बाग, भोवती दाट कुंपणझाडं, बाहेरून आतलं काही दिसायचं नाही. 1970 च्या दशकात तिथे गर्दुल्ल्यांचा अड्डा झाला. 1988 मध्ये बाग बंद करून काम काढलं, झाडोरा काढून टाकला, आत यायच्या वाटा रुंद केल्या आणि 1992 मध्ये पुन्हा उघडली. आज तिथे दुपारी बसायला जागा शोधावी लागते. तुमच्या प्लॉटच्या तीन बाजूंना इमारतींच्या भिंती असतील तर त्या आहेतच. चौथी, रस्त्याची बाजू मोकळी ठेवा. दुचाक्या आत घुसतात हा मात्र खरा त्रास आहे. त्यावर खांबांचा उपाय नाही, कारण व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते. तिथे टोकणारा माणूसच लागतो.

कारंज्याबद्दल. आमच्या बागेत होतं. उद्‌घाटनाच्या दिवशी उडालं, गणपतीपर्यंत उडत होतं, मग मोटर गेली. दुरुस्ती कोणी करायची यावर दीड वर्ष गेलं आणि टाकीत स्वच्छ पावसाचं पाणी साठून राहिलं. डेंग्यूचा डास नेमका असल्या स्वच्छ साठवणीत अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. शेवटी आम्ही वैतागून एका बांधकामावरून उरलेली वाळू मागून आणली आणि टाकी भरून टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे चौदा पोरं होती. घसरगुंडी रिकामी.

ही काही आमची हुशारी नव्हती. आल्डो व्हान आइक या डच वास्तुकाराने 1947 पासून ॲमस्टरडॅममध्ये युद्धानंतर उरलेल्या कोपऱ्यांवर, पडीक तुकड्यांवर मुलांसाठी खेळायच्या जागा केल्या. तीस वर्षांत सातशेहून जास्त. आणि प्रत्येकीत सामान काय, तर रुंद काँक्रीटच्या कठड्याचा वाळूचा हौद, उड्या मारायला गोल दगड, लटकायला लोखंडी कमानी. हत्ती नाही, मिकी माउस नाही. त्या कठड्यावर मुलं वाळूचे लाडू थापत आणि आया बसत. म्हणजे फिरून कट्टाच! वाळूत मांजरं घाण करतात, हे आधीच सांगते. रात्री ताडपत्री टाकावी लागते आणि पावसाळ्याआधी वाळू बदलावी लागते.

पाणी हवंच असेल तर ते कोण सांभाळणार हे आधी ठरवा. न्यूयॉर्कमध्ये पेली पार्क म्हणून एक अगदी छोटी बाग आहे, 1967 ची. 42 फूट बाय 100 फूट, म्हणजे चार गुंठ्यांहूनही कमी, तुमच्या प्लॉटच्या निम्मी. मागच्या भिंतीवरून वीस फुटांचा धबधबा पडतो आणि त्याच्या आवाजात रस्त्यावरचे हॉर्न बुडून जातात. बागा आखणारे लोक तिचे फोटो दाखवतात तेव्हा धबधबाच दाखवतात, पण ती जागा एका खाजगी संस्थेची आहे, पंप रोज बघणारी माणसं पगारावर आहेत. त्या बागेतून उचलायची गोष्ट दुसरी आहे: खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या नाहीत. हलक्या, उचलून कुठेही न्यायच्या. व्हाइटच्या फिल्ममध्ये गंमत दिसते, माणूस बसण्याआधी खुर्ची चार इंच सरकवतो, काही गरज नसताना. आपली जागा आपण ठरवली एवढंच समाधान.

आम्हीही वर्गणी काढून सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. महिन्याभरात दोन गेल्या. एक पुढे समोरच्या चहाच्या टपरीवर सापडली, त्याने विचारलं, “मावशी, बागेची होती का? मला वाटलं कुणी टाकून दिली.” आता उरलेल्या माळ्याच्या खोलीत असतात, संध्याकाळी आज्या स्वतः काढतात आणि स्वतः ठेवतात. तुम्हाला हे झेपणार नसेल तर निदान बाक एका रांगेत लावू देऊ नका. ठेकेदार दर पंधरा फुटांवर एक बाक, सगळे वाटेकडे तोंड करून, असे लावतो. तीन मैत्रिणींना त्यावर बसून बोलता येत नाही, मधलीची मान दुखते. दोन बाक काटकोनात लावा, ‘एल’ काढून. खर्च तोच.

झाडांबद्दल मी थोडी हट्टी आहे. लॉन नको, पाणी पितं आणि वर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी मागतं. आठ गुंठ्यांतला निम्मा भाग चालायला बंद, मग उरलं काय? सरळसोट वाढणारा खोटा अशोक सावली देत नाही, फक्त रांगेत उभा राहतो. गुलमोहर सुंदर, पण वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतो, खेळायच्या जागेवर नको. कोनोकार्पस हे परदेशी झाड झटपट वाढतं म्हणून कोणी सुचवेल, त्यावर गुजरातने 2023 मध्ये बंदी घातलीय एवढं सांगा आणि विषय संपवा. करंज लावा, पाच-सहा वर्षांत खाली बसण्यासारखी सावली होते. कट्ट्याच्या कडेने बकुळ, हळू वाढते पण कायम हिरवी आणि फुलं वेचायला सकाळी माणसं येतात. एखादं ताम्हण, एखादा बहावा, मे महिन्यासाठी. आणि पेव्हर ब्लॉक झाडाच्या बुंध्यापर्यंत आणू देऊ नका. चहूबाजूंनी मीटरभर मातीचं आळं उघडं राहिलं पाहिजे, हे ड्रॉइंगवर माप टाकून लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं फरशीवाला विसरतो.

कट्टा झाला, सावली झाली, तरी दुपारी अकरा ते चार गेटला कुलूप असेल तर सगळं फुकट. अनेक बागांना असतं. दुपारी बागेची गरज कोणाला असते? डिलिव्हरीची पोरं, घरकाम करणाऱ्या बाया दोन घरांच्या मधल्या तासात, क्लास सुटून पुढच्या क्लासची वाट बघणारी मुलं, वॉचमन. ज्यांना घरी जाऊन पंख्याखाली आडवं होता येत नाही ते. बागेची यादी करायला सोसायटीच्या मीटिंगला यातलं कोणी येत नाही, म्हणून कुलपाचं कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे हा वाद तीन वर्षं चालला. शेवटी तोड निघाली ती कट्ट्यामुळेच: गेट बंद असलं तरी कट्टा बंद करता येत नाही, आणि बकुळीची सावली कट्ट्यावर पडते.

लोक कसे जमतात याची एक गोष्ट मला फार आवडते. 13 मार्च 1995 ला अंधेरीच्या लोखंडवालात एका बागेत डॉ. मदन कटारिया सकाळी चार माणसांना घेऊन हसायला उभे राहिले. एकूण पाच. आधी विनोद सांगत, दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि उरलेले चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते, तेव्हा विनोदाशिवायच हसायचं ठरलं. आज हास्यक्लब जगभर आहेत. पाच माणसांना गोल करून उभं राहता येईल एवढी फरसबंद मोकळी जागा कुठल्याही नकाशावर ‘रिकामी’ दिसते आणि तिथे कोणीतरी पुतळा, नाहीतर जिमचं मशीन सुचवतं. तसं होऊ देऊ नका. पंधरा बाय पंधरा फूट रिकामं ठेवा. सकाळी हास्यक्लब, संध्याकाळी दोरीच्या उड्या, कोजागिरीला दूध, सोसायटीत हॉल नसलेल्यांचा एखादा वाढदिवस.

भांडणं होतीलच. हास्यक्लबच्या आवाजाने पहिल्या मजल्यावरचे उठतात. चेंडू आजोबांच्या चहात पडतो. कॉलेजची जोडपी कोपऱ्यात बसतात आणि मग कोणीतरी तो कोपरा ‘विकसित’ करायची सूचना आणतं. आमच्या बागेच्या पाटीवर एके काळी अकरा ‘नये’ होते. मी स्वतः जोडप्यांच्या बाजूची आहे. त्यांना दुसरी जागा नाही आणि ती कचरा सगळ्यात कमी करतात. व्हाइटचंच आणखी एक निरीक्षण मी वापरते: एखाद्या जागी बायकांचं प्रमाण इतर जागांपेक्षा कमी दिसलं तर तिथे काहीतरी बिघडलंय. महिन्यातून एकदा संध्याकाळी सातला मी वहीत रेघा ओढते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बायकांच्या रेघा एकदम कमी झाल्या. कारण शोधलं तर मागच्या बाजूचे दोन दिवे गेलेले. उंच हायमास्टचा, म्हणजे एकाच उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांचा, उजेड झाडांच्या वरच अडत होता. दहा-बारा फुटांचे बुटके खांब लावून घेतले तेव्हा रेघा परत आल्या.

शेवटचं, आणि हे यादीत कोणीच लिहीत नाही: माळ्यासाठी एक छोटी खोली, कुलूप लागेल अशी, बाहेर नळ, आणि शेजारी पालापाचोळ्याचा खड्डा. शौचालयाची जागाही याच नळाच्या लाइनवर धरा, नंतर पाइप ओढायला कोणी येत नाही. आमच्या माळीकाकांची खुरपी नि पाइप पहिली दोन वर्षं एका झुडपात लपवलेली असायची. एस्टिमेट हातात आलं की तिसऱ्या-चौथ्या पानावर कुंपणाची ओळ असेल, रनिंग मीटरमध्ये, म्हणजे लांबीच्या मीटरवर. तिचा फोटो काढून इथे टाका, रुंदी मी बघून सांगते.