वाचकांचे प्रश्न : गोड्या पाण्याचा अभ्यास आणि नोकरीतले प्रशिक्षण

प्रश्न : प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी चार वर्षे इंदूरमधील एका खासगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. पीएच (आम्लतेचे माप), बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि विरघळलेला प्राणवायू यांपलीकडे काम जात नाही. मला गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचा अभ्यास करायचा आहे. पण प्रशिक्षणासाठी रजा मागितली की ‘याचा कंपनीला काय उपयोग?’ असे विचारतात. आई-बाबा बी.एड. कर म्हणतात. या क्षेत्रात काही भवितव्य आहे का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : भवितव्य आहे, परंतु ते पदवीपेक्षा जीव ओळखण्याच्या कसबावर अधिक अवलंबून आहे. बाटलीतले पाणी त्या दिवसापुरतेच बोलते. तळाशी आठवडेच्या आठवडे राहिलेले कीटक मात्र मधल्या काळात काय घडले तेही सांगतात. पांढऱ्या ट्रेमध्ये गाळ पसरून भिंगाखाली पाहा. टाचणी या चतुरासारख्या सडपातळ कीटकाच्या पिलाला शेपटाकडे पानांसारखे तीन कल्ले असतात, तर मेफ्लाय या अल्पायुषी उडत्या कीटकाच्या पिलाचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असून शेवटी बहुधा तीन दोरे लोंबतात. ट्रेभर केवळ लालभडक कायरोनोमिड (न चावणाऱ्या, डासासारख्या माशीच्या) अळ्याच वळवळत असतील, तर तेथे प्राणवायू कमी असण्याची शक्यता मोठी, कारण त्यांच्या अंगातील हिमोग्लोबिनमुळे त्या अशा पाण्यातही तग धरतात. हा फरक पुस्तकातून कळतो, पण हातात बसतो तो शेकडो नमुने पाहिल्यावरच.

वरिष्ठांच्या प्रश्नाला उत्तर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत तळाशी राहणाऱ्या प्राण्यांच्या कुळांना गुण दिले जातात, आणि पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना परिस्थितिकी व जैवविविधतेचा तज्ज्ञ लागतोच. त्यामुळे नुसता रजेचा अर्ज न देता, परतल्यावर प्रयोगशाळा कोणती नवी तपासणी देऊ शकेल आणि तुम्ही कोणत्या दोन सहकाऱ्यांना ती शिकवाल, हे एका पानात लेखी मांडा. नकार आलाच तर तोही लेखी मागून घ्या. पुढच्या वार्षिक मूल्यमापनात तो कागद कामी येतो. स्वतः शिकून गप्प बसणारा माणूस प्रयोगशाळेला महाग पडतो, असे आमचे मत आहे.

बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्था किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण यांच्या प्रकल्पांतील पदे बहुधा मुदतीची असतात, हे आई-बाबांना आधीच सांगा. बी.एड. नंतरही करता येईल.

सरावासाठी लांब जायला नको. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणे 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली. तेथे जाळे टाकण्यापूर्वी मात्र संबंधित खात्याची परवानगी घ्या. ती मिळेपर्यंत एखाद्या परिचिताच्या शेततळ्यावर दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, त्याच काठावरून, तेवढाच वेळ जाळे फिरवा आणि नोंदवही ठेवा. वर्षभराच्या बारा नोंदी मुलाखतीत दाखवता येतात.