आधी खालचं ऐक

बाळा,

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. कॉलेजच्या टोळक्यात स्टीली डॅन या अमेरिकन बँडच्या गाण्यांतला सर्वांत भारी सोलो, म्हणजे एकट्या वाद्याचा तुकडा, कोणता यावरून जुंपली, तू 'डू इट अगेन'मधली इलेक्ट्रिक सतार म्हणालीस आणि सगळे हसले. "सतार वाजली की झालं हिचं," असंही कोणी म्हणालं. आणि आता तू मला विचारतेस, काका, मला सोलो कळतच नाहीत का? त्यांच्या 'किड शार्लमेन'मधला गिटारचा सोलो बसवायला घेऊ का, म्हणजे चारचौघांत तोंड उघडता येईल?

बसव की. बोटांना चांगलंच आहे. पण तोंड उघडता यावं म्हणून बसवणार असशील तर शिकायला माझ्याकडे येऊ नकोस.

त्या पोरांची निवड वाईट नाही. एलियट रँडल, लॅरी कार्लटन, जे ग्रेडन, वेन शॉर्टर ही नावं घेणाऱ्याला कोण वेडा म्हणेल? मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तू पाठवलेल्या यादीत प्रत्येक सोलोपुढे मिनिट आणि सेकंद लिहिलेत. इथून इथपर्यंत ऐका. म्हणजे गाणं सोलून टाकायचं आणि गर तेवढा खायचा! असं ऐकून काहीही कळत नाही. आधी खालचं ऐक. बेस काय करतोय, ड्रमवाला कुठे हात आखडता घेतोय, कॉर्ड कधी सरकतेय, ते आधी. वरचं नंतर, आणि तेही आपोआप ऐकू येतं.

त्यांचं 'पेग' हे गाणं घे. त्या सोलोची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: एकामागून एक नावाजलेले गिटारवाले बोलावले, वाजवून घेतलं, नापास केलं, आणि शेवटी ग्रेडनचं पास झालं, तेही कित्येक तास घासल्यावर. 1999 मधल्या एका माहितीपटात बँडचे कर्तेधर्ते फेगन आणि बेकर त्या नापास सोलोंचे तुकडे वाजवून दाखवतात आणि गालात हसतात. बघणाऱ्याला वाटतं, काय खडूस माणसं! पण ते नापास झालेले काही नवशिके नव्हते. 'पेग'च्या कडव्याखाली मुळात बारा बारांचा, म्हणजे बारा आवर्तनांच्या ठरलेल्या साच्याचा, साधा ब्लूज आहे, फक्त इतके झुळझुळीत कपडे घातलेला की पटकन ओळखू येत नाही. नुसता ब्लूज वाजवावा तर कपडे फाटतात, नुसते कपडे मिरवावेत तर आत माणूसच नाही. ग्रेडनने दोन्ही सांभाळलं. हे तुला गिटारचे नोटेशन वाचून कळणार नाही. चक रेनीचा बेस ऐकून कळेल. त्याला बजावलं होतं की इथे स्लॅप, म्हणजे तारेवर अंगठा आपटून, वाजवायचं नाही. हा पठ्ठ्या त्यांच्याकडे पाठ करून बसला आणि वाजवलंच. रेकॉर्डवर आहे ते. तुमच्या यादीत रेनीचं नाव कुठे आहे गं?

'डीकन ब्लूज' तर यादीत शेवटून दुसरं. का, तर म्हणे सॅक्सोफोन "जरा सरळच आहे". अरे, गाणं कशाबद्दल आहे? एक हरलेला माणूस उपनगरात बसून स्वप्न बघतोय की आपण सॅक्सोफोन शिकू, मनात येईल ते वाजवू, रात्रभर पिऊ. त्याच्या त्या स्वप्नातला सॅक्सोफोन म्हणजे तो सोलो. वाजवणारा पीट क्रिस्टलीब 'टुनाइट शो' या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाच्या बँडमधला, रोज संध्याकाळी टीव्हीवर नोकरी करणारा माणूस. तिथलं काम आटपून स्टुडिओत आला, दुसऱ्या टेकला जे वाजवलं ते ठेवलं, आणि घरी गेला. ज्या बँडने 'टाइम आउट ऑफ माइंड'साठी मार्क नॉफ्लरला तासन्‌तास वाजवायला लावून त्यातलं मिनिटभरही ठेवलं नाही, त्याच बँडने. हा सोलो गाण्यातून काढलास तर उरतात चांगले सूर. गाण्यात ठेवलास तर गळा दाटतो. सरळ आहे म्हणे!

चिडलो, माफ कर. पण तुमच्या वयात आमचं एक बरं होतं. 'एजा' हा त्यांचा अल्बम आमच्याकडे आला तो न्यू जर्सीच्या मावसभावाने भरून आणलेल्या कॅसेटवर. त्यावर कोणाचंही नाव नव्हतं. शॉर्टर वाजवतोय की सोम्यागोम्या, आम्हाला ठाऊक नव्हतं. अल्बमच्याच नावाच्या त्या आठ मिनिटांच्या गाण्यात सॅक्सोफोन सुरू झाल्यावर खाली ड्रम पेटतो, बाकीची मंडळी जागा धरून बसतात, आणि वरचा माणूस घाई करत नाही. घाई करत नाही, हे ऐक. स्टीव्ह गॅड खाली एवढा धुमाकूळ घालत असताना शॉर्टर एकेक सूर टाकून वाट बघतो. सगळे विचारतात हा सोलो शॉर्टरचा की गॅडचा. दोघांचा आहे, आणि न हललेल्यांचाही आहे.

आता तुझी सतार.

डेनी डायस हा मुळात जॅझ वाजवणारा गिटारिस्ट. 1970 मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली होती. कशासाठी? त्याला कीबोर्डवाला आणि बेसवाला हवा होता, जॅझमध्ये हात बसलेले. गिटारवाल्याने आधी खालची माणसं शोधली! त्या जाहिरातीला उत्तर देणारे दोघे म्हणजे फेगन आणि बेकर. आणि बेकर तेव्हा बेस वाजवायचा. हे तुझ्या त्या मित्रांना सांग.

1972 च्या पहिल्याच रेकॉर्डवर डायसच्या हातात जी इलेक्ट्रिक सतार आहे ती खरं म्हणजे गिटारच. फरक तिच्या ब्रिजमध्ये. तो असा रुंद आणि सपाट की तार त्याला घासत झणझणते. मिरजेला सतारमेकर गल्लीत कारागीर जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, काढताना मी बघत बसलोय. घोडीवर कानशीचा हलका हात फिरवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा हात फिरवायचा. झणकार जराही जास्त झाला तर तार कुरकुरते, कमी झाला तर मुकी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो या कानासाठीच, असं मी मानतो. डायसचं वाद्य त्या तोडीचं नाही, उगाच कौतुक करत नाही. तरफा, मींड वगैरे विसर. तो वाजवतो ते राग-बिग नाही, जॅझच्याच ओळी आहेत.

मग तुला ते का भिडलं? देशी कानामुळे नाही. खाली तो ठेका बघ, कोंगा आणि शेकर, गाणंभर हट्टाने तोच. गाण्यातला माणूसही तोच तोच घोळ पुन्हा पुन्हा घालतोय, मारामारी, बाई, जुगार. त्या फिरत्या ठेक्यावर झणझणणारी तार म्हणजे डोक्यात घोंघावणारी माशी. साधी गिटार तिथे गुळगुळीत वाटली असती. तुझ्या कानाने हे पकडलं, तुला सांगता आलं नाही एवढंच. आणि सांगता आलं नाही कारण तूही खालचं न ऐकता सोलोचीच बाजू मांडत बसलीस!

तू म्हणशील, काका बेसवाले, ते बेसचीच आरती करणार. करणारच. ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा लाइट लीड गिटारवर असायचा आणि मी अॅम्प्लिफायरच्या आडोशाला. त्याची नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे, तीही माझ्यापेक्षा जास्त. गणपतीत लीडवाला आला नाही तरी कार्यक्रम रेटून नेता यायचा. बेस बंद पडला की समोरची माणसं खुर्चीत चुळबुळायला लागायची, आणि काय बिघडलं ते त्यांना सांगता यायचं नाही. पुढे मुंबईत एका रेकॉर्डिंगला बोलावणं आलं. मी म्हटलं, आधी पूर्ण गाणं ऐकवा. ते म्हणाले, समोर कागद आहे, वाजव. मी बेस केसमध्ये ठेवला आणि डेक्कन पकडली. पुन्हा तिथून कोणी बोलावलं नाही. पैशाच्या हिशेबाने मूर्खपणाच होता, आणि तो हिशेब अजून अधूनमधून डोक्यात चालू होतो, विशेषतः ज्यांनी कागद बघून वाजवलं त्यांची घरं बघितली की. पण आज कोणी तसंच बोलावलं तरी मी हेच विचारीन. गाणं ऐकल्याशिवाय त्याच्या खाली काय घालायचं ते मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांचं वाजवणं मी ऐकलंय.

तर 'किड शार्लमेन'. बसवायचंच असेल तर असं कर. आधी दोन आठवडे गिटारला हात लावू नकोस. रेनीचा बेस आणि बर्नार्ड पर्डीचा ड्रम तोंडाने म्हणता आला पाहिजे. मग गोष्ट समजून घे: साठच्या दशकातला नशेचं रसायन बनवणारा हिरो, त्याचे दिवस भरलेत, पोलीस मागावर, गाडीत पेट्रोल आहे ना हे विचारून पळायची वेळ. मग कार्लटन. मधला सोलो त्याने दोन तुकड्यांत केला आहे, शेवटचा, गाणं विरत जातं तिथला, एका दमात. तुझे मित्र मधल्यावर भांडतात. तू शेवटचा घे. तिथे तो माणूस पळतोय, आणि खालचे दोघे त्याला पळू देतायत.

रविवारी ये. गिटार आणू नकोस, बेस माझ्याकडे आहे.

तुझा,
काका

ता.क. माझा क्रमांक एक विचारला होतास. 'होम अॅट लास्ट'मधला बेकरचा गिटार सोलो. छोटा आहे, त्यामुळे तुमच्या यादीत नाही. वाद घालायला फोन कर, पण त्याआधी त्यातला पर्डीचा तो शफल, म्हणजे झुलता ठेका, पूर्ण ऐकलेला असू दे, नाहीतर मी फोन ठेवीन.