शेततळ्यातले डास: उरलेली बीटी पावडर चालेल का?

प्रश्न (यवतमाळ, वर्धा भागातून): कपाशीसाठी आणलेली बीटी पावडर उरली आहे. शेततळ्यात टाकली तर डास मरतील का? गूळ-बेसनात ड्रममध्ये वाढवता येईल का?

उत्तर: दोन्ही करू नका. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळ्या मारणारा जिवाणू. डब्यावर ‘कुर्स्टाकी’ असेल, तर ती पावडर बोंडअळी, उंटअळी यांच्यासाठी आहे. डासाच्या अळीला ‘इस्रायलेन्सिस’ लागते. हा प्रकार १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला. जिवाणूची जात एकच, फरक विष बनवणाऱ्या जनुकांचा. इस्रायलेन्सिसमध्ये क्राय-४ए, क्राय-४बी, क्राय-११ए आणि सायट-१ए या चार विषांची जनुके मुख्य गुणसूत्रावर नसतात, प्लास्मिड या सुट्या डीएनए-कड्यावर असतात. सायट-१ए एकटे दुबळे, पण अळीच्या आतड्यात ते क्राय-११ए ला चिकटायला जागा करून देते. त्यामुळे डासांत प्रतिकार सहजी येत नाही.

ड्रमचा घोळ इथेच आहे. प्लास्मिड गेले तरी जिवाणू मजेत वाढतो, फक्त विष बनवत नाही. प्रयोगशाळेत ४२ अंशांच्या आसपास वाढवून ते मुद्दाम घालवतात. आपल्याकडचा मे महिना आठवा. शिवाय विषाचा स्फटिक बीजाणू (जिवाणूचे टणक, सुप्त रूप) धरतानाच तयार होतो. ड्रम फेसाळला म्हणजे विष झाले असे नाही, आणि त्यात अन्नविषबाधा करणारा बॅसिलस सीरियसही वाढू शकतो.

इस्रायलेन्सिसची मात्रा लेबलप्रमाणेच घ्या. लेबलवर हेक्टरी ५ किलो असेल, तर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे ३० बाय ३० मीटर पाण्याला ४५० ग्रॅम. आधी बादलीत पातळ लगदा करा, मग पंपात गाळून भरा. तणनाशकाचा पंप नको. संध्याकाळी फवारा, कारण उन्हाने विष लवकर निकामी होते. काठावर, गवताच्या कडेला जास्त मारा. अळ्या तिथेच असतात.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या मगात पाणी घेऊन पाहा. स्वल्पविरामासारखे वाकलेले कोष जिवंत दिसले, तर फवारणी उशिरा झाली. कोष काही खात नाही, म्हणून विष पोटात जात नाही. बारीक अळ्याच वळवळत असतील, तर मात्रा कमी पडली किंवा पाणी गढूळ आहे. गाळाला चिकटून विष तळाशी बसते. सांडपाण्याच्या नालीत स्फेरिकस (डासाच्या अळ्या मारणारा दुसरा जिवाणू) जास्त टिकते, पण त्याचा मुख्य मारा एकाच जोडविषाचा, त्यामुळे क्युलेक्स डासांत प्रतिकार आलेला आहे. तेच ते सतत वापरू नका.

कुलरच्या टाकीला हे औषध कशाला? आठवड्याला रिकामी करा आणि आतल्या कडा घासा. एडिस या डेंग्यूच्या डासाची अंडी तिथे सुकी चिकटून राहतात, पाणी भरले की फुटतात.