लेटरबॉक्सवर तुझं नाव आहे का?

प्रश्न: ताई, मी मूळची नाशिकची, इंदिरानगरची. नवऱ्याला फ्रान्समध्ये तुलूझला नोकरी लागली म्हणून दोन महिन्यांपूर्वी इकडे आलो. तो दिवसभर ऑफिसात, मी घरात. फ्रेंच येत नाही, बेकरीवाली बाई तोंड वाकडं करते, रविवारी सगळं बंद, आणि बँकेने माझं कार्ड पोस्टाने पाठवलंय म्हणे पण तीन आठवडे झाले पत्ताच नाही. नवरा म्हणतो, होईल सवय. मला रोज रात्री वाटतं बॅग भरावी. काय करू?

उत्तर: अगं, बॅग राहू दे, आधी खाली जा आणि लेटरबॉक्सवर तुझं नाव आहे का बघून ये. तुझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल आणि डब्यावर फक्त नवऱ्याचं, तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. आपल्याकडे पोस्टमनकाका "ती नवीन सून ना, दुसरा मजला" म्हणत बरोबर आणून देतात, तिकडे फ्लॅट नंबर पण नसतो बऱ्याच ठिकाणी, नाव हाच पत्ता. मी तिथे सहा वर्षं होते, माझं कार्ड असंच दोनदा परत गेलं, शेवटी वहीच्या पानाची पट्टी कापली, दोन्ही आडनावं लिहिली, वर सेलोटेप मारला आणि आठवड्यात कार्ड हातात.

दुसरं, हे आजच बघ. पासपोर्टवर चिकटवलेला लाँग स्टे व्हिसा बहुतेकांना पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, फी भरून. नवऱ्याने स्वतःचा केला असेल, तुझा वेगळा करावा लागतो. तुझे दोन महिने संपलेत!

आता बेकरीवाली. खरं सांग, आत शिरल्या शिरल्या बोंजूर म्हणतेस का? आपली सवय कशी, दुकानात पाय टाकला की "दादा, पाव किलो शेव द्या". तिकडे आधी बोंजूर, मग काय ते बोला, नाहीतर त्यांना ते उद्धटपणाचं वाटतं, मग तुझं व्याकरण कितीही शुद्ध असो. आणि चॉकलेट घातलेला तो ब्रेड मागताना शोकोलातीन म्हण, पॅरिसवाले त्याला पॅं ओ शोकोला म्हणतात आणि तुलूझमध्ये ते ऐकलं की लोकांना टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही.

आकड्यांना घाबरू नकोस. 99 म्हणजे कात्र-व्हँ-दिस-नफ, शब्दशः चार वीस दहा नऊ. हसू येतं ना, पण आपण एकोणऐंशी म्हणतो तेव्हा काय करतो, ऐंशीला एक कमी! फोन नंबर मात्र ते दोन-दोन आकड्यांच्या जोडीत धडाधड सांगतात, तिथे लाज न बाळगता कागद पुढे कर.

फ्रेंचच्या क्लासचं मेरीत, म्हणजे त्यांच्या नगरपालिकेत विचार, संस्थांचे स्वस्तातले वर्ग असतात. आणि मारेंगो मेट्रो स्टेशनला लागून जोसे काबानिस नावाची मोठी लायब्ररी आहे, आत जाऊन बसायला पैसे लागत नाहीत, मी पहिला हिवाळा तिथेच काढला, मुलांची चित्रांची पुस्तकं वाचत, शेजारी एक आजोबा रोज पेपर घेऊन बसायचे, ते हळूहळू माझे उच्चार सुधारायला लागले, न विचारताच.

रविवार म्हणजे मिसळ, हे डोक्यातून जाणार नाही, माझंही गेलं नव्हतं. पण रविवारी सकाळी सँतोबँ चर्चभोवती बाजार भरतो, जाँ जोरेस मेट्रोला उतरून चालत जा. दर रविवारी त्याच भाजीवाल्याकडे जायचं, चौथ्या-पाचव्या वेळी तो कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकतो. निदान माझा टाकायचा.

आणि हो, तिकडे अधूनमधून ओतां नावाचा वारा सुटतो, आग्नेयेकडून, दोन-दोन दिवस खिडक्या वाजत राहतात, लोक म्हणतात त्याने डोकं फिरतं. अशा दिवशी परतीची तिकिटं बघायची नाहीत.

नवऱ्यालाही बाजारात घेऊन जा. पिशवी त्याने धरायची, बोंजूर तू म्हणायचं.